टायर फुटतो की फोडला जातो?

पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर 25 ऑक्टोबर 2010 रोजी फुटला. मोटार रस्त्याकडेच्या खोल खड्ड्यात कोसळली आणि आतील अडतीस वर्षांच्या एका प्रवाशाचा जागीच मृत्यू झाला. अशा बातमीला वृत्तपत्रात चार ओळी मिळतात. त्यातली एक ओळ ठरलेली असते : टायर फुटल्याने चालकाचा गाडीवरील ताबा सुटला. या ओळीनंतर सहसा कोणी काही विचारत नाही. टायर फुटला म्हणजे नशीब फुटले, अशी आपली एकंदर समजूत असते.

या प्रकरणात मात्र प्रश्न विचारला गेला, कारण मामला नुकसानभरपाईचा होता. पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने 2016 मध्ये मृताच्या कुटुंबीयांना सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनीने त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अपील केले. टायर फुटणे ही ‘देवाची करणी’ आहे, त्यात चालकाचा निष्काळजीपणा नाही, असा तिचा युक्तिवाद होता. न्या. एस. जी. डिगे यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये तो फेटाळला. देवाची करणी म्हणजे मानवी नियंत्रणापलीकडची नैसर्गिक घटना; टायर फुटणे त्यात बसत नाही. अतिवेग, हवा कमी किंवा जास्त असणे, वापरलेले जुने टायर बसविणे, तापमान अशी त्याची कारणे असतात आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती तपासणे ही चालकाची वा मालकाची जबाबदारी ठरते, असे न्यायालयाने म्हटले.

हा निकाल त्या वेळी विम्याच्या अंगाने चर्चिला गेला. त्याचे खरे मोल वेगळे आहे. टायर का फुटला, हा प्रश्न त्याने पंचनाम्याच्या कागदावरून उचलून मोटारमालकाच्या दारात आणून ठेवला. आणि तो प्रश्न एकदा विचारला, की उत्तर अपघाताच्या क्षणात सापडत नाही. ते आधीच्या अनेक महिन्यांत असते. त्या महिन्यांत टायर हळूहळू, पण चारही बाजूंना सारखा नव्हे, असा झिजत असतो.

समृद्धी महामार्गाने हा विषय पुन्हा चव्हाट्यावर आणला. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी. एकूण लांबी 701 किलोमीटर, मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर. महामार्ग सुरू होताच अपघातांचे सत्र सुरू झाले आणि टायर फुटणे हे त्याचे एक कारण म्हणून पुढे आले. मग काँक्रीटच्या रस्त्याला दोष देऊन झाला. काँक्रीट तापते, त्याने टायर तापतात, असे जो तो सांगू लागला. 2023 च्या उन्हाळ्यात परिवहन विभागाने प्रवेशमार्गांवर टायर तपासण्यास सुरुवात केली. गुळगुळीत टायर असलेल्या गाड्या परत पाठविल्या जाऊ लागल्या. त्या पाऊलाचे स्वागतच करायला हवे. पण शहरातल्या रस्त्यावर तीच गाडी त्याच टायरवर रोज फिरत होती आणि तिला कोणी अडवले नव्हते, हेही विसरता येत नाही.

याच्या उलटही घडते. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. म्हणजे टायर हा आपल्याकडे कारणही असतो आणि सबबही. तो सबब म्हणून इतक्या सहजपणे चालून जातो, कारण त्याच्या अवस्थेची नोंद कोणाकडेच नसते.

रस्ता तापल्याने टायर फुटतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. टायर मुख्यतः स्वतःच्या हालचालीने तापतो. हवा कमी असली की त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात आणि सरळ होतात. ताशी शंभर किलोमीटर वेगाने ही क्रिया मिनिटाला आठशे-नऊशे वेळा घडते. रबर आणि आतील धागे यांत उष्णता साठत जाते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मग ‘अचानक’ स्फोट होतो. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे टायर फुटणार नाही, असा सल्ला आजही हवा भरणाऱ्या कित्येक दुकानांतून मिळतो. तो देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परिणाम नेमका उलटा होतो. तापमान दहा अंशांनी वाढले तर मोटारीच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. चांगला टायर हे सहज सहन करतो; उत्पादकाने सुचविलेला दाब ठरवितानाच ते गृहीत धरलेले असते. नायट्रोजन भरला की सारे प्रश्न मिटले, असे मानणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

हवेचा दाब चुकला की टायर केवळ तापत नाही, तो वेडावाकडा झिजतो. अनुभवी कारागीर टायरवरून हात फिरवून गाडीची कुंडली सांगतो, ती याच झिजेवरून. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत असेल, तर हवा सतत कमी राहिली आहे. मधला पट्टाच गेला असेल, तर हवा जास्त भरली जाते. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली, तर चाकाचा उभा कल बिघडला आहे. नक्षीच्या ठोकळ्यांची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी करवतीसारखी लागत असेल, तर पुढची चाके एकमेकांना समांतर राहिलेली नाहीत. चाक सरळ धावण्याऐवजी किंचित तिरके घासत चालले आहे. आणि टायरवर जागोजागी वाट्यांसारखे खोलगट भाग पडले असतील, तर शॉकअॅब्सॉर्बर थकले आहेत किंवा बॅलन्सिंग गेले आहे.

यातली सर्वांत फसवी झीज आतल्या कडेची. गाडी उभी असताना मालकाला टायरची बाहेरची बाजू दिसते. ती ठणठणीत असते. आतली कड जमिनीकडे आणि गाडीच्या पोटाकडे तोंड करून असते. तिथली नक्षी संपून आतले धागे उघडे पडले, तरी ते कळायला गाडी जॅकवर चढवावी लागते किंवा निदान स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून पाहावे लागते. नव्या टायरच्या खाचांची खोली साधारण आठ मिलिमीटर असते आणि त्या संपत आल्याची खूण म्हणून खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे ठेवलेले असतात. पण हे उंचवटे मुख्य खाचांमध्ये असतात, कडेला नव्हे. तेव्हा मधल्या खाचा चार मिलिमीटर असून टायर कायद्याने पास आणि आतल्या कडेने तो मरणपंथाला लागलेला, असे दृश्य मुळीच दुर्मिळ नाही. महामार्गाच्या प्रवेशद्वारावर दोन मिनिटांत केलेल्या तपासणीत तरी ते कसे दिसावे?

आता टायरची जागा बदलण्याविषयी; गॅरेजच्या भाषेत व्हील रोटेशन. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढची चाके गाडी ओढू लागली. आज आपल्या शहरांतल्या बहुतेक लहान मोटारी याच प्रकारच्या आहेत. त्यांच्या पुढच्या टायरवर इंजिनाचे वजन, गाडी ओढण्याचे काम, वळविण्याचे काम आणि ब्रेकचा मोठा वाटा, असे सारे येऊन पडते. मागचे टायर त्या मानाने पाहुण्यासारखे मागून येत असतात. साहजिकच पुढचे टायर लवकर झिजतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरनंतर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले, तर चौघांवर भार सारखा वाटला जातो. पुढून ओढल्या जाणाऱ्या गाडीत साधारणपणे पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे बाजू बदलून पुढे येतात; मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीत याच्या उलट. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, त्यांची बाजू बदलता येत नाही. ते त्याच बाजूला पुढे-मागे करावे लागतात. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे असतील, तर ही अदलाबदल होतच नाही.

इथवर सारे सरळ आहे. गोंधळ सुरू होतो तो झीज असमान झाल्यानंतर. गाडी मालकाच्या लक्षात येते की पुढच्या टायरच्या कडा गेल्या आहेत, स्टिअरिंग थरथरते आहे. तो गॅरेजमध्ये जातो. कारागीर म्हणतो, पुढचे मागे टाकून देतो, साहेब. मालक बिल भरतो, थरथर थांबते, गाडी पुन्हा ‘मक्खन’ चालू लागते. प्रत्यक्षात काय झाले? ज्या बिघाडाने ते दोन टायर खाल्ले तो बिघाड जागच्या जागी आहे आणि आता तो मागून आलेले दोन चांगले टायर खाणार आहे. जुने, कडा गेलेले टायर मागे गेल्याने त्यांची थरथर हाताला जाणवत नाही एवढेच. तक्रार दूर झाली, दोष नाही. असमान झीज हे ताप येण्यासारखे लक्षण आहे आणि अलाइनमेंट, हवा, सस्पेन्शन यांपैकी काय बिघडले ते शोधल्यावाचून टायर फिरविणे म्हणजे थर्मामीटर खिशात घालून ठेवणे होय. आणखी एक अडचण अशी, की अनेक लहान मोटारींत मागच्या चाकांचा कोन जुळविण्याची सोयच नसते. मागचा आस एखाद्या खड्ड्यात वाकला असेल, तर अलाइनमेंटच्या यंत्रावर लाल आकडे दिसतात आणि कारागीर ‘मागचे एवढे चालते’ म्हणून छापील कागद हातात ठेवतो.

याहून गंभीर गोष्ट मागच्या टायरच्या पकडीची आहे. पावसाळ्यात घाटाच्या वळणावर पुढच्या चाकांची पकड सुटली, तर गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. चालकाला ते स्टिअरिंगमध्ये कळते, तो पाय उचलतो, वेग उतरतो आणि पुष्कळदा गाडी परत ताब्यात येते. मागच्या चाकांची पकड सुटली, तर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती गरगरते. तिला सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले काम नाही. याच कारणाने बहुतेक टायर उत्पादक सांगतात, की दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत. आपल्याकडची रीत नेमकी उलटी. नवे पुढे, घासलेले मागे. ही रीत बहुधा ट्रक आणि बसच्या जगातून आली असावी. तिथे पुढे एकेकच टायर असतो, मागे जोड्या असतात. पुढचा फुटला तर सारेच संपले. तिथल्यापुरती ती रीत शहाणपणाची होती. मोटारीच्या चार एकेरी चाकांना ती जशीच्या तशी लावणे शहाणपणाचे नाही.

यातून एक पेच उभा राहतो, जो गॅरेजमध्ये कोणी समजावून सांगत नाही. रोटेशन म्हणजे जास्त झिजलेले पुढचे टायर मागे नेणे. आणि सुरक्षिततेचा नियम म्हणतो, चांगले टायर मागे असावेत. दोन्ही एकाच वेळी कसे पाळायचे? उत्तर वेळेत आहे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल झाली, तर पुढच्या-मागच्या खोलीतला फरक मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या वर जातच नाही आणि पेच उद्भवत नाही. तीस-पस्तीस हजार किलोमीटर काहीच न करता, पुढचे टायर दोन-अडीच मिलिमीटरवर आल्यावर जाग आली, तर तेव्हा रोटेशन करणे हे काटकसरीचे सोंग आणि धोक्याचे निमंत्रण ठरते. त्या वेळी शाबूत असलेली मागची जोडी मागेच ठेवून पुढे नवे टायर घ्यावेत असेही नाही. शाबूत जोडी पुढे घेऊन नवे टायर मागे बसवावेत आणि घासलेली जोडी गाडीतून उतरवावी. दोन टायरचा खर्च तसाही टळत नाही.

पाण्यावरचे गणितही पाहण्यासारखे आहे. ‘नासा’ने 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून एक ठोकताळा मिळाला. साचलेल्या पाण्यावर गुळगुळीत टायर तरंगू लागण्याचा वेग त्यातील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. 33 पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे 95 किलोमीटर येतो. 25 पीएसआयला तो 83 वर उतरतो. खाचा खोल असतील तर पाणी बाहेर फेकले जाते आणि हा धोका लांबतो. खाचा गेल्या, त्यात हवाही कमी, तर द्रुतगती मार्गावरचा अगदी कायदेशीर वेगसुद्धा तरंगण्यास पुरेसा होतो. प्रत्येक चाकाची जमिनीशी गाठ पडते ती तळहाताएवढ्या जागेत. त्यातली अर्धी जागा कामातून गेली असेल, तर आतल्या एअरबॅगची संख्या मोजून काय साधणार?

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 94 नुसार दुचाकी-तीनचाकीच्या टायरची खाच 0.8 मिलिमीटर आणि अन्य वाहनांची 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. धागे उघडे पडलेला टायरही अयोग्य ठरतो. नियम चांगला आहे. पण तो तपासतो कोण? खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ही पंधरा वर्षे सरून नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत तिला योग्यतेच्या तपासणीसाठी कोणापुढे उभे राहावे लागत नाही. धूर तपासण्यासाठी पीयूसी आहे, ती ठरावीक मुदतीने काढावी लागते, नसेल तर दंड होतो. विम्याचे नूतनीकरण दरवर्षी होते. पीयूसी केंद्रावर गाडी उभी असते, तिथे माणूस असतो, यंत्र असते. तो मागे वाकून धुराच्या नळीत नळी घालतो आणि त्या नळीपासून हातभर अंतरावर असलेल्या टायरकडे पाहण्याचे त्याला काही कारण नसते. खाच मोजण्याच्या पट्टीची किंमत मामुली असते.

ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची सक्तीची तपासणी होते आणि टायर हा तिचा महत्त्वाचा भाग असतो. तिथला नियम खाचेची खोली सांगून थांबत नाही. टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात आणि संपूर्ण परिघावर ती 1.6 मिलिमीटर असली पाहिजे, असे तो स्पष्ट करतो. असमान झीज ही पळवाट होऊ नये, याचा विचार तेथे झाला आहे. अमेरिकेला जाग यायला एक मोठे प्रकरण घडावे लागले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायरचे थर सुटून गाड्या उलटत होत्या; ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागविण्याची घोषणा झाली आणि या प्रकारांत 270 हून अधिक बळी गेल्याचे नोंदले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे कायदा झाला. त्याच्या पोटी टायरचा दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सप्टेंबर 2007 पासून नव्या हलक्या वाहनांत सक्तीची झाली.

आपल्याकडे ही यंत्रणा वेगळ्या दाराने आली. 2020 मधील दुरुस्तीनुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि दाब सांगणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी देणे बंधनकारक राहिले नाही. म्हणजे सुरक्षेची सोय सक्तीची झाली नाही. स्टेपनी वाचविण्याच्या बदल्यात तिला जागा मिळाली. स्टेपनीचेही रूप पालटले आहे. पूर्वी पाचवा टायर बाकीच्या चौघांसारखाच असे आणि तोही रोटेशनमध्ये घेता येई. आता बऱ्याच गाड्यांत लहान, अरुंद, ताशी 80 किलोमीटरची मर्यादा घातलेली स्टेपनी असते. ती केवळ जवळच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी. ती लावून पुण्याहून थेट नाशिक गाठणारे महाभाग आपण पाहिलेले असतात. केंद्राने 2022 मध्ये टायरची ओल्या रस्त्यावरील पकड, घरंगळण्यातला रोध आणि आवाज यांचे मानकही आणले. ते कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या टायरसाठी आहे. तोच टायर चाळीस हजार किलोमीटरनंतर कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

मालकाच्या बाजूचीही एक कैफियत आहे आणि ती खोटी नाही. प्रस्तुत लेखकाने एकदा गाडी सर्व्हिसिंगला देताना चारही टायरच्या आतल्या बाजूला खडूने आकडे घातले होते. संध्याकाळी बिलात व्हील रोटेशन, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे पैसे लावलेले होते आणि आकडे जिथल्या तिथे होते. विचारल्यावर समोरचा गृहस्थ ओशाळला नाही. ‘तुमचे टायर तसे ठीकच होते’ असे म्हणाला. गोष्ट छोटी आहे. पण ज्या कामाचा परिणाम ग्राहकाला डोळ्यांनी दिसत नाही, ते काम न करताच त्याचे पैसे लावण्याचा मोह मोठा असतो, आणि मग ग्राहकही पुढच्या वेळी ‘ते रोटेशन-बिटेशन राहू द्या’ म्हणतो. नुकसान त्या गॅरेजचे होत नाही.

दुसरी कैफियत रस्त्यांची. अलाइनमेंट करून गाडी बाहेर काढावी आणि शंभर पावलांवर पेव्हर ब्लॉक निघालेल्या खड्ड्यात चाक आदळावे, हा मुंबई-ठाण्याचा नित्याचा अनुभव आहे. उखडलेले चौक, नियमबाह्य उंचीचे गतिरोधक, उड्डाणपुलांच्या सांध्यांवरचे धक्के, यांनी चाकांचा कोन महिन्यागणिक बिघडतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मृत्यू आणि दुखापत यांना त्यामुळे काही किंमत आली. खड्ड्याने वाकलेला आस, त्याने एका कडेला झिजलेला टायर आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच कोणत्या तरी महामार्गावर त्या टायरने घेतलेला बळी, ही साखळी मात्र कोणत्याही दाव्यात सिद्ध करता येणार नाही. महापालिका आणि मालक यांच्यातली जबाबदारीची वाटणी न्यायालयाच्या 2023 च्या निकालाने एका बाजूने स्पष्ट केली आहे. दुसरी बाजू अजून मोकळी आहे.

तिसरा घटक पैशाचा. छोट्या मोटारीचे चार टायर बदलायचे म्हणजे पंधरा-पंचवीस हजारांची बाब. स्वतःच्या गाडीत आठवड्याला शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला तो खर्च पाच वर्षांतून एकदा येतो. ओला-उबरची गाडी चालविणाऱ्याला तो वर्षा-दीड वर्षात येतो आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो. जुन्या टायरचा बाजार त्याच्यासाठीच उभा आहे. तिथे परदेशी बनावटीचे, कोणाच्या तरी गाडीवरून उतरलेले टायर अर्ध्याहून कमी दरात मिळतात. काहींच्या संपलेल्या खाचा हत्याराने पुन्हा कोरलेल्या असतात. रबराचा थर आधीच पातळ, त्यात आणखी कोरीव काम. टायरच्या भिंतीवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे वाचता येणे एवढे साधे ज्ञानही अनेक गिऱ्हाइकांना फसवणुकीपासून वाचवू शकेल. 22 सप्टेंबर 2025 पासून मोटारीच्या नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. टायरला इतकी वर्षे सर्वोच्च करगटात ठेवले गेले होते, ही मुळात विचित्र गोष्ट होती. कर कमी झाल्याने जुन्या टायरचा बाजार किती आक्रसतो, हे पाहण्यासारखे ठरेल.

आणि आता विजेवर चालणाऱ्या मोटारी. बॅटरीमुळे त्या जड असतात, मोटरची ताकद चाकाला क्षणात मिळते, त्यामुळे त्यांचे टायर तुलनेने लवकर झिजतात. जोडीला एक नवाच प्रकार आहे. पेट्रोलच्या गाडीला निदान इंजिन ऑइल बदलायला दहा हजार किलोमीटरला गॅरेजचे तोंड पाहावे लागे आणि त्या निमित्ताने कोणी तरी टायरकडे नजर टाकी. विजेच्या गाडीत ऑइलच नाही. मालक मोठ्या अभिमानाने सांगतो, की वर्षभर हिला गॅरेज दाखवलेले नाही.

2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली. त्यातली किती टायरमुळे, हे सांगण्याजोगा तपास प्रत्येक अपघातस्थळी होत नाही; फुटलेल्या टायरची खाच मोजून, आतली-बाहेरची कड पाहून आणि निर्मितीचे चार आकडे टिपून ठेवणे पंचनाम्याच्या नमुन्यात सक्तीचे केले, तर ती माहिती दोन-तीन वर्षांत हाती येऊ लागेल. पीयूसीच्या प्रमाणपत्रावर चार चाकांसाठी चार रकाने वाढविण्यासाठीही नवा कायदा लागत नाही. नियमांतली एक दुरुस्ती पुरते. परिवहन विभागाने 2023 मध्ये समृद्धीच्या तोंडाशी जे काम उन्हात उभे राहून केले, तेच काम प्रत्येक पेट्रोल पंपाशेजारच्या पीयूसीच्या टपरीत, सावलीत बसून करता येण्यासारखे आहे.